लेबलापाशी कोण कोण येते : जुन्या फोरट्रानमधील उड्या वाचताना

फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत प्रोग्रामला दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या 'गो टू' या विधानाला गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ नावे ठेवली जात आहेत आणि त्यांतील बहुतेक आक्षेप रास्तच आहेत. तरीही, दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्राम समजून घ्यायला बसलेल्या माणसाची खरी दमछाक लेबलापाशी होते, असे माझे ठाम मत आहे. 'गो टू २००' ही ओळ वाचली की नियंत्रण कुठे जाणार हे तत्क्षणी कळते. उलट २०० हे लेबल लावलेल्या ओळीपाशी आपण उभे असलो, तर इथपर्यंत कोण कोण पोहोचते, कोणत्या वाटेने पोहोचते आणि पोहोचताना कोणत्या चलात कोणती किंमत असते, याचा त्या ओळीत मागमूसही नसतो. म्हणून जुना फोरट्रान वाचायचा तर तो लेबलापासून वाचावा, ही गोष्ट मला या लेखात सविस्तर मांडायची आहे.

बेळगावात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संख्यात्मक पद्धती शिकवताना हा विषय माझ्यापुढे वारंवार येतो. उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींमधील फौंड्र्या आणि यंत्रशाळा यांच्याकडे कुणी एके काळी लिहून दिलेले, आजही चालणारे लहानसहान प्रोग्राम आढळतात, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडून शिकायला आलेल्या मुलांपैकी कुणाच्या तरी ओळखीने ते माझ्या टेबलावर येतात. मुले पायथॉन शिकलेली असतात. ओळीच्या आधी आकडा कशासाठी, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. (पुढची सर्व विधाने मी देवनागरीत लिहीत आहे, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.)

तो आकडा म्हणजेच लेबल. ते एक ते पाच अंकांचे असते, त्यातील निदान एक अंक शून्याहून वेगळा असावा लागतो, आणि आधीच्या शून्यांना किंमत नसते, म्हणजे १०० आणि ००१०० हे एकच लेबल होय. प्रोग्रामची ओळ ज्यावर भोके पाडून नोंदवत त्या ८० स्तंभांच्या पंचकार्डावर पहिले पाच स्तंभ लेबलासाठी राखलेले होते, सहावा स्तंभ मागील ओळ पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी होता, ७ ते ७२ या स्तंभांत विधान बसे आणि उरलेले आठ स्तंभ कार्डांचा क्रमांक घालायला मोकळे असत. नवशिक्यांचा पहिला गोंधळ लेबलाच्या आकड्याविषयी होतो. आमच्या टिळकवाडीत पत्ता सांगताना पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, तिसरे रेल्वे गेट असे सांगतात, आणि तिथे आकड्यावरून जागेचा क्रमही कळतो. फोरट्रानच्या लेबलाचा आकडा असा क्रम सांगत नाही. ५०० या लेबलाखाली २० हे लेबल येऊ शकते आणि संकलकाची (म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरची) त्याला काहीच हरकत नसते. चांगले लेखक चढत्या क्रमाने, मध्ये दहा-दहाची किंवा शंभर-शंभरची जागा सोडून लेबले देत असत, परंतु तो केवळ त्यांचा सुसंस्कृतपणा होता, भाषेचा नियम नव्हता. नियम एवढाच की एका प्रोग्राम-घटकात, म्हणजे मुख्य प्रोग्रामात किंवा एखाद्या सबरूटीनमध्ये (स्वतंत्र उपप्रोग्रामात), एक लेबल एकदाच यावे. दुसऱ्या सबरूटीनमध्ये तोच आकडा निर्धास्तपणे वापरता येतो, कारण एका घटकातून दुसऱ्या घटकातील लेबलावर 'गो टू'ने उडी मारता येत नाही.

उड्यांची ही पद्धत आळसातून आली, असे आजच्या मुलांना वाटते आणि ते मला अन्यायकारक वाटते. जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी पहिला फोरट्रान संकलक दिला, तेव्हा त्या यंत्राच्या स्वतःच्या भाषेत उडीखेरीज दुसरे साधनच नव्हते. त्या फोरट्रानमधील 'इफ' तीन वाटांचे होते. 'इफ (एक्स - वाय) १०, २०, ३०' असे लिहिले की कंसातील किंमत ऋण असल्यास १०, शून्य असल्यास २० आणि धन असल्यास ३० या लेबलावर नियंत्रण जाई. ७०४ यंत्रातही दोन संख्यांची तुलना करून तीनपैकी एका वाटेने जाण्याची एक आज्ञा होती, त्यामुळे हे विधान यंत्राच्या अगदी जवळचे होते. इतकेच नव्हे, कोणती शाखा किती वेळा घेतली जाईल याचा अंदाज संकलकाला कळवण्यासाठी 'फ्रीक्वेन्सी' नावाचे वेगळे विधान होते, आणि उड्यांच्या या जाळ्याचे विश्लेषण करणारा संकलकाचा भाग लोइस हेट यांनी लिहिला होता. उड्या कुठून कुठे जातात याचा हिशेब ठेवण्याचे काम पहिल्या संकलकालाही चुकलेले नव्हते.

पुढे १९६६ च्या प्रमाणात, म्हणजे भाषेचे नियम ठरवणाऱ्या अधिकृत दस्तऐवजात, तार्किक 'इफ' आले, पण त्याच्या पोटी एकच विधान बसत असे. 'अमुक असेल तर या पाच ओळी, नसेल तर त्या चार ओळी' एवढे साधे लिहायचे तरी अट उलटी करून पहिली उडी मारावी लागे, पहिला गट संपल्यावर दुसरी उडी मारावी लागे, आणि त्यासाठी दोन लेबले खर्ची पडत. 'इफ-देन-एल्स-एंडइफ' ही रचना प्रमाणात शिरली ती फोरट्रान ७७ मध्ये. तीच विधाने पुन्हा पुन्हा चालवणारे 'डू'चे चक्र 'एंड डू'ने बंद करण्याची सोय तर प्रमाणाने फोरट्रान ९० मध्येच मान्य केली, तोवर चक्राच्या शेवटच्या ओळीलाही लेबल द्यावेच लागे. त्यामुळे १९७०-८० च्या सुमाराचा प्रोग्राम लेबलांनी भरलेला दिसला तर त्यावरून लेखकाच्या कुवतीविषयी काहीही अनुमान काढू नये.

आता एक खरे उदाहरण जवळून पाहू. इथल्याच एका फौंड्रीतून रायझरचा व्यास काढणारा प्रोग्राम माझ्याकडे आला होता. ओतीव काम, म्हणजे कास्टिंग, थिजताना आकसते. ती तूट भरून काढण्यासाठी साच्यात शेजारी धातूचा जो साठा ठेवतात तो रायझर. तो कास्टिंगच्या नंतर थिजला पाहिजे, म्हणून त्याचे आकारमान आणि पृष्ठफळ यांचे गुणोत्तर, म्हणजे मॉड्युलस, कास्टिंगच्या मॉड्युलसच्या सुमारे १.२ पट धरतात. शिवाय त्यात तूट भरण्याइतका धातूही असावा लागतो, आणि साध्या दंडगोल रायझरमधील धातूपैकी साधारण १४ टक्केच कास्टिंगला पुरवला जातो, असे गणितात गृहीत धरतात. प्रोग्रामचा गाभा असा होता :

      गो टू (१००, २००, ३००), के
१००   एस = एस१
      गो टू ४००
२००   एस = एस२
      गो टू ४००
३००   एस = एस३
४००   डी = ६.० * १.२ * सीएम
४५०   आरव्ही = ०.७८५४ * डी**३
      इफ (०.१४*आरव्ही .जीई. एस*(सीव्ही+आरव्ही)) गो टू ५००
      डी = डी + ०.५
      गो टू ४५०
५००   कंटिन्यू

यात 'सीएम' आणि 'सीव्ही' म्हणजे कास्टिंगचा मॉड्युलस आणि आकारमान, 'डी' आणि 'आरव्ही' म्हणजे रायझरचा व्यास आणि आकारमान, '**' म्हणजे घात, '.जीई.' म्हणजे 'पेक्षा मोठे किंवा तेवढेच', आणि 'कंटिन्यू' हे काहीच न करणारे विधान. पहिली ओळ ही 'गणित गो टू'. 'के' या चलात धातूचा सांकेतिक क्रमांक असतो : १ म्हणजे ग्रे आयर्न, २ म्हणजे एसजी आयर्न, ३ म्हणजे स्टील. 'के'च्या किमतीनुसार कंसातील पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या लेबलावर नियंत्रण जाते, 'एस'मध्ये त्या धातूच्या आकुंचनाचा अंश भरला जातो आणि सगळ्या वाटा ४०० पाशी एकत्र येतात. त्या ओळीच्या वर मूळ लेखकाने रोमन लिपीत कानडी टिप्पणी लिहिलेली होती : 'इल्लिंद मुंदे एल्ला सेम', म्हणजे इथून पुढे सगळ्यांना सारखेच. संपूर्ण फाइलीत मला सर्वांत उपयोगी पडलेली ओळ हीच, कारण ती उडीपाशी न लिहिता लेबलापाशी लिहिलेली होती आणि इथे कोण येते हे सांगत होती.

नंतर केव्हा तरी दुसऱ्या कुणी पडद्यावरील यादीत '४ - ॲल्युमिनियम' अशी ओळ वाढवली होती, पण 'गो टू'च्या कंसात चौथे लेबल घातले नव्हते. इथे फोरट्रान ७७ चा नियम लक्षात घ्यावा लागतो : 'के'ची किंमत एकाहून कमी किंवा कंसातील लेबलांच्या संख्येहून अधिक असेल तर चूक दाखवली जात नाही, उडी होतच नाही आणि नियंत्रण शांतपणे पुढच्या ओळीवर जाते. पुढची ओळ होती १००, म्हणजे ग्रे आयर्न. त्यामुळे १ आणि ४ या दोन्ही क्रमांकांना हा प्रोग्राम एकच व्यास देत होता. ग्रे आयर्न थिजताना त्यात सुटणाऱ्या ग्रॅफाइटमुळे बरीचशी तूट आपोआप भरून निघते, म्हणून त्याला लहान रायझर पुरतो. ॲल्युमिनियमचे मात्र तसे नाही. वरच्याच सूत्रात स्टीलसाठी आकुंचन ३ टक्के धरले तर रायझरचे आकारमान कास्टिंगच्या सुमारे २७ टक्के येते, आणि शुद्ध ॲल्युमिनियमसाठी ६.६ टक्के धरले तर तेच सुमारे ८९ टक्के येते. ग्रे आयर्नच्या मापाचा रायझर ॲल्युमिनियमला लावल्यास कास्टिंगच्या पोटात पोकळी राहणार, हे फौंड्रीतील माणसाला सांगावे लागत नाही.

"चालतंय की सर, मग कशाला हात लावायचा?" असे तिथले जाणते कारागीर मला म्हणाले होते. त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर होते, कारण त्यांचे काम पहिल्या तीन धातूंचेच होते आणि त्या तिन्हींसाठी उत्तरे अचूक येत होती. त्यांच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्याने "काका, फक्त चार टाकून बघूया" एवढेच म्हटले, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापून आल्यावर पुढे काही बोलण्याची गरज उरली नाही.

हा दोष 'गो टू' शोधून सापडला नसता. त्या ओळीत पाहण्यासारखे काही चुकीचे नव्हते. तो सापडला तो १०० या लेबलाची नोंद करताना. माझी पद्धत साधी आहे : कागदावर प्रत्येक लेबलासाठी एक ओळ आखावी आणि त्या लेबलाकडे येणारी प्रत्येक वाट तिथे मांडावी. यात उड्या तर लिहायच्याच, पण वरच्या ओळीवरून सरळ घरंगळत येणारी वाटही न विसरता लिहायची. १०० या लेबलाला 'के = १'ची उडी आणि 'के'ची भलती किंमत, अशा दोन वाटा निघाल्या. ४०० या लेबलाला दोन उड्या आणि ३०० कडून घरंगळत येणारी एक वाट. ही तिसरी वाट फार नाजूक असते. कुणी ॲल्युमिनियमसाठी ३५० हे लेबल तयार करून ते ३०० आणि ४०० यांच्या मध्ये घातले आणि स्टीलच्या ओळीनंतर 'गो टू ४००' लिहायचे राहिले, तर स्टीलचा 'एस' क्षणार्धात ॲल्युमिनियमच्या किमतीने पुसला जाईल. ४५० कडे एक वाट वरून येते आणि एक खालून. खालून येणारी वाट दिसली की ते चक्र आहे असे समजावे. त्या चक्रातून बाहेर पडायला एकच अट आहे आणि 'एस' चुकून अंशाऐवजी टक्क्यांत, म्हणजे ०.०३ ऐवजी ३ असा भरला गेला तर ती अट कधीच पुरी होणार नाही, हेही त्याच नोंदीत ध्यानात येते.

ही नोंद करताना टेक्स्ट एडिटरमध्ये फक्त 'गो टू' हे शब्द शोधून भागत नाही, लेबलाचा आकडा शोधावा लागतो. फोरट्रानमध्ये 'गो टू' न म्हणता उडी मारणारी विधाने पुष्कळ आहेत. तीन वाटांचे 'इफ' हे त्यांपैकी एक. 'रीड' विधानातील 'एंड=' आणि 'एर=' यांच्यापुढे लेबल असते, आणि फाइल संपली किंवा वाचताना चूक झाली की नियंत्रण तिकडे जाते. सबरूटीनला हाक मारताना तारकेसह लेबल दिलेले असेल, तर परत येताना ते सबरूटीन पुढच्या ओळीऐवजी त्या लेबलावर आणून सोडू शकते. सर्वांत फसवे म्हणजे 'असाइन १०० टू के' आणि नंतर कुठेतरी 'गो टू के'. इथे 'के'मध्ये शंभर ही संख्या नसते, त्या विधानाचा ठावठिकाणा असतो, म्हणून त्याची बेरीज करणे किंवा तो छापून पाहणे निरर्थक आहे. ही सोय फोरट्रान ९५ मध्ये प्रमाणातून काढून टाकली, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. याउलट, छपाईची मांडणी ठरवणाऱ्या 'फॉरमॅट' विधानांनाही लेबले असतात पण तिथे कुणी उडी मारत नाही, तेव्हा ती आरंभीच वेगळी काढावीत. पुष्कळ प्रोग्रामांतील निम्मी लेबले तिथेच गळून पडतात.

'डू'च्या लेबलाविषयी थोडे लिहायला हवे. 'डू ५० आय = १, एन' आणि त्याच्या पोटात 'डू ५० जे = १, एम' अशी दोन चक्रे एकाच '५० कंटिन्यू' ओळीवर संपवण्याची मुभा जुन्या फोरट्रानमध्ये होती. त्यामुळे एक कार्ड कमी लागे हे खरे, पण 'गो टू ५०' लिहिले तर ते आतल्या चक्राची फेरी संपवण्यासाठी आहे की बाहेरच्या, असा प्रश्न वाचणाऱ्यापुढे उभा राहतो. फोरट्रान ७७ च्या नियमानुसार ती उडी फक्त सर्वांत आतल्या चक्रातूनच मारता येते. बाहेरच्या चक्राच्या देहातून ती मारणे निषिद्ध आहे. २०१८ च्या प्रमाणातून ही सामायिक शेवटाची पद्धत वगळली आहे, आणि तीन वाटांचे 'इफ'ही तेव्हाच वगळले गेले. जुन्या स्तंभबद्ध रूपात रिकाम्या जागांना अर्थ नसल्याने आणखी एक धोका होता : 'डू १० आय = १, १०' यातील स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर संकलक ती ओळ चक्र न मानता 'डू१०आय' नावाच्या चलात १.१० ही किंमत भरतो. लेबल चलाच्या नावात विरघळून जाते आणि तक्रार कुणीच करत नाही.

संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचे 'गो टू'विरुद्धचे सुप्रसिद्ध पत्र मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे जहाल शीर्षक संपादक निकलाउस विर्थ यांनी दिले होते. त्या पत्राचा गाभा मला आजही पटतो. चालू असलेला प्रोग्राम नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे मजकुरातील स्थानावरून सांगता आले पाहिजे, आणि मोकाट उड्यांमुळे ते सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लेबलापाशी उभे राहिल्यावर वाटणारी अनिश्चितता ती हीच. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्ये दोन्ही बाजू तपासून काही ठिकाणी 'गो टू' उपयुक्त ठरतो असे दाखवले, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. पण ज्यांनी डाइक्स्ट्रांचा केवळ मथळा वाचला ते हा दुसरा भाग सोडून देतात.

नोंद पुरी झाली की रूपांतर जवळजवळ आपोआप सुचते. ज्या लेबलाकडे खालून वाट येते तिथे 'डू' आणि 'एंड डू' येते, आणि चक्राबाहेर नेणारी उडी 'एक्झिट' होते. चक्राच्या शेवटच्या ओळीकडे जाणारी उडी 'सायकल' होते. चक्रांना नाव देता येत असल्याने, दोन-तीन चक्रे एकात एक असली तरी नेमके कोणत्या चक्रातून बाहेर पडायचे ते 'एक्झिट'पुढे ते नाव लिहून सांगता येते. फोरट्रान २००८ पासून 'ब्लॉक'ला, म्हणजे विधानांच्या गटाला, नाव देऊन त्यातूनही तसेच बाहेर पडता येते, म्हणून चूक आढळताच उरलेले काम सोडून शेवटाकडे जाण्यासाठी आता लेबलाची सक्ती राहिलेली नाही. 'गणित गो टू'च्या जागी चलाच्या किमतीनुसार एक गट निवडणारे 'सिलेक्ट केस' घालावे, आणि त्यात उरलेल्या सर्व किमतींसाठी 'केस डिफॉल्ट' लिहिल्याशिवाय ते पुरे झाले असे मानू नये.

तरीही साधा 'गो टू' प्रमाणात आजही आहे आणि मी तो सरसकट काढायला सांगत नाही. फक्त पुढे जाणारी, एका रूटीनच्या शेवटी असलेल्या एकाच लेबलाकडे नेणारी, फाइली बंद करून बाहेर पडणारी उडी मला वाचायला अजिबात जड जात नाही. लॅपॅकसारख्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या रेषीय बीजगणिताच्या संग्रहातील काही रूटीनांत लेबले आणि 'गो टू' अजूनही आहेत. वर्षानुवर्षे तपासून निघालेले ते गणित केवळ दिसायला नीटस व्हावे म्हणून पुन्हा लिहायला घेणे मला धाडसाचे वाटते. बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच लेबल काढावे, प्रत्येक लेबलानंतर जुनी आणि नवी उत्तरे ताडून पाहावीत, आणि मगच पुढच्या लेबलाला हात घालावा. जीफोरट्रान संकलकाला सर्व इशारे दाखवायला सांगितले की न वापरलेली लेबले तो स्वतःच निदर्शनास आणतो, आणि २०१८ चे प्रमाण पाळायला सांगितले की वगळलेल्या रचना कुठे उरल्या आहेत तेही दाखवतो.

फौंड्रीच्या प्रोग्रामचे काम आम्ही याच क्रमाने केले. आधी ४५० गेले आणि त्या जागी फेऱ्यांना कमाल मर्यादा असलेले 'डू' चक्र आले. मग १००, २००, ३०० आणि ४०० यांच्या जागी 'सिलेक्ट केस' आले. त्यात ॲल्युमिनियमला स्वतंत्र स्थान मिळाले, आणि अनोळखी क्रमांक आल्यास तो क्रमांक छापून प्रोग्राम थांबतो. छपाईच्या 'फॉरमॅट'ची लेबले आम्ही तशीच ठेवली, कारण त्यांच्याकडे कुणी उडी मारत नाही आणि त्यांचा वापर त्या त्या 'राइट' विधानातच लिहिलेला असतो.